पायलट झोपलता का?

काकाजी आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसलेल्या माणसाला हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

वणीहून मारेगावच्या रस्त्याला लागलं की कोळशाच्या धुळीने काळी झालेली झाडं जिथे पुन्हा हिरवी दिसू लागतात, तिथे आमचा कारखाना आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना जे रोलर लागतात, ते आम्ही बनवतो. आफ्रिकेतल्या कापसाच्या मुलखात त्यांना मागणी असते. रोलर बोटीने जातात आणि ते बसवणारे आम्ही इंजिनीयर विमानाने. आता आम्ही कोणत्या विमानाने जायचं, कुठल्या खुर्चीत बसायचं, वाटेत काय खायचं नाही, हे सगळं काकाजी ठरवायचे. ते कारखान्याचे मॅनेजर. मालक नागपूरला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे आणि सगळं ठीक आहे ना असं काकाजींना विचारून, चहा पिऊन परत जायचे.

मी नोकरीला लागलो तेव्हा काकाजींनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवलं आणि खिशातून पासपोर्ट काढला.

"हे पाह्य. हा असा धराचा. आपण उघडून नाई द्याचा. बंद द्याचा, तिथल्या साहेबाले उघडू दे. घाई केली की त्याईले वाटते, याच्या मनात काही तरी हाये."

तो पासपोर्ट त्यांचा स्वतःचा होता. पानं कोरी करकरीत. जुना शिक्क्यांनी भरला असेल म्हणून नवीन काढला असेल, असं मी समजलो आणि मनातल्या मनात नमस्कार केला. आधीचाही असाच कोरा राहून मुदत संपली होती, हे मला वर्षभराने कळलं.

दिसायला ठेंगणे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि भुवयांमध्ये कायम रुईचा एखादा तंतू अडकलेला. उमेदीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कामात, गेल्यामुळे हाताला एक खोड होती. जे कापड समोर येईल त्याचा धागा दोन चिमटींत धरून ओढून पाहायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून स्टेजवर आले, माझ्या शेरवानीचा धागा ओढला आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "पॉलिस्टर हाये. पण पोट्टा चांगला हाये." सासरे अजून ते वाक्य काढतात. दुसरा भाग विसरतात.

तिकीट काढायचा दिवस म्हणजे आमच्या ऑफिसात नाटकाचा दिवस. नागपूरच्या ट्रॅव्हल ऑफिसातली मुलगी फोनवर, काकाजींचा फोन स्पीकरवर, आणि आम्ही सगळे मान खाली घालून काम करतोय असं दाखवणार.

"मॅडम, विमान कोणत्या सालचं हाये?"

सुरुवातीला ती गोंधळायची. पुढे पुढे साल शोधूनच फोन करायला लागली. पण त्याने काही फायदा नव्हता. विमान जुनं असलं तर काकाजी म्हणायचे, घसलेलं हाये, नको. नवं असलं तर म्हणायचे, "नव्या मशीनचे नट बसाले टाइम लागते. दुसऱ्यानं चालवू द्या दोन वर्सं, मंग पाहू." सुरक्षित विमान म्हणजे नेमकं कोणत्या वयाचं, हे त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलगी पाहायला गेलेला मुलाचा बाप जसा नकाराचं कारण आधी ठरवून जातो, तसंच ते.

"पायलट झोपलता का रात्री?"

"सर, त्यांना झोपावंच लागतं. नियमच आहे तसा."

"नियम तं हाये ना मॅडम. झोपलता का, ते विचारलं मी."

मग खुर्ची. एसटीत चाकावरची खुर्ची वाईट, धक्के बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून विमानाचं चाक कुठे असतं, हे ते विचारून घेत. ती बिचारी सांगायची, सर, विमान वर गेल्यावर चाकं आत ओढून घेतात. "पण उतरतानी तं बाहेर येते?" येतात, ती म्हणायची. "मंग?" आणि ती मुकाट चाकापासून लांबची खुर्ची शोधायला लागायची.

सगळ्यात पक्का नियम म्हणजे परक्या गावात दिवसाउजेडी उतरायचं. त्यापायी माझा पहिला प्रवास झाला तो असा: मुंबईहून एक चांगलं विमान होतं, पाय पसरायला जागा, मध्ये एकदाच बदली. पण ते रात्री उतरायचं. म्हणून काकाजींनी मला दुसऱ्या विमानात घातलं, आणि अंधारात उतरू नये म्हणून आखातातल्या एका विमानतळावर अख्खी रात्र लोखंडी बाकावर बसवून ठेवलं. पाठीचा भुगा झाला. तिथे त्यांचा फोन आला.

"काय करून राह्यला?"

"बसून आहे काकाजी."

"बेस हाये. बसलेल्या माणसाले काही होत नाई."

आराम या गोष्टीवर त्यांचा मुळात विश्वास नव्हता. लांबच्या विमानांमध्ये पैसेवाल्यांसाठी खुर्चीचा पलंग होतो, हे त्यांना कळलं तेव्हा ते खरोखर अस्वस्थ झाले. "आडवं करून नेतेत ते ॲम्ब्युलन्समधी," म्हणाले. आमच्यासाठी आराम म्हणून एकच गोष्ट मंजूर होती. जाणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः निवडलेल्या रुईची एक छोटी उशी द्यायचे. ती मानेखाली घेतली की बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

आता हाच माणूस रोज घरून कारखान्यात यायचा तो जुन्या स्कूटरवर, कोळशाच्या ट्रकांच्या रांगेतून, डोक्याला दुपट्टा बांधून. दोन ट्रकांच्या मधल्या फटीत ते शिरताना मी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक हेल्मेट आणून दिलं. त्यांनी फार आनंदाने घेतलं. आठवड्याभरात त्यात रुईचे नमुने भरून ते टेबलाच्या कोपऱ्यात उलटं ठेवलेलं दिसलं.

मी चिडून म्हणालो, "काकाजी, पायलट झोपला का विचारता, आणि ते ट्रकवाले झोपतात का?"

"थ्ये कुठचे झोपते!" ते म्हणाले. "पण ते मले वळखते ना बे. मी त्याईले वळखतो. या रस्त्यानं किती वर्सं झाली. त्या पायलटची अन् माही काय वळख?"

मी हसलो. पण ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या लेखी सुरक्षित म्हणजे ओळखीचं. सगळी हवाई वाहतूक त्यांनी त्या एका मापाने मोजली होती आणि ती मापात बसत नव्हती.

एक नियम मात्र असा होता की त्यावर ते हसूनही बोलू द्यायचे नाहीत. आमच्यापैकी दोघांनी एका विमानात बसायचं नाही. एकाच गावी, एकाच कामाला जायचं असलं तरी दोन विमानं. "सगळा माल एका गाडीत नाई," बस, एवढंच. मी आणि माझा जोडीदार इंजिनीयर एकदा असेच एका दिवसाच्या अंतराने निघालो. त्याचं विमान आखातात रखडलं, मी मागून तिथे पोहोचलो, आणि विमान कंपनीने आम्हा दोघांना उचलून शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसवलं. तेवढ्यात काकाजींचा फोन. "तो कुठं हाये रे?" मी म्हटलं, पुढे गेला असेल. तो माझ्या बाजूला बसून माझीच बिस्किटं खात होता.

परत आल्यावर त्या शहाण्याने दोघांचा विमानातला फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. काकाजी रागावले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. चहा यायचा, कागद यायचे, सह्या व्हायच्या, शब्द नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी मला गोदामात बोलावलं. हातात रुईचा पुंजका होता, तो ओढत ओढत बोलले.

मारेगावच्या एका जिनमध्ये ते तरुणपणी देखरेखीला होते. अंगणात कापसाच्या दोन गंज्या, म्हणजे मोठे ढीग, लावायच्या, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सोडायची, असा तिथला रिवाज. एका हंगामात माणसं थकलेली होती. एकच गंजी लावली तर एकच ताडपत्री लागते, राखणदारही एकच पुरतो, सगळ्यांना सोयीचं. काकाजींनी होकाराची मान हलवली. कापसात कुठेतरी पेटती विडी गेली असावी.

"गंजी वरून गार होती रे. मी सोता दुपारी तिच्यावर झोपलतो. इतकी मऊ लागे, का उठू वाटे नाई. अन् खाली जळून राह्यलं होतं."

माणसं सगळी वाचली. कापूस आसपासच्या सगळ्या गावांचा होता, तो गेला. "दोन असत्या तं एक वाचली असती," ते म्हणाले. मग पुंजका पुढे करून म्हणाले, "पाह्य, चांगला लांब धागा हाये." त्यानंतर मी त्या नियमाची टिंगल केली नाही. बाकीच्या नियमांची मात्र करत राहिलो.

तर अशा माणसावर विमानात बसायची वेळ आली.

झांबियात आमचे एक जुने गिऱ्हाईक होते. मूळ गुजराती, तीन पिढ्यांपासून तिकडचेच. त्यांची आणि काकाजींची फोनवरची दोस्ती. हिंदी दोघांचीही कच्ची, त्यांची गुजरातीकडे झुकलेली, यांची वऱ्हाडीकडे, पण पाऊस, गुडघे आणि रोलर या तीन विषयांवर ते कितीही वेळ बोलू शकायचे. आता त्यांची मुलं कारभार हातात घेत होती आणि मुलांना रोलर दुसरीकडून घ्यायचे होते. म्हाताऱ्या शेठने मालकांना निरोप पाठवला: पुढच्या हंगामांचा सौदा मी माझ्या हाताने करून देतो, पण त्या माणसाला एकदा इकडे पाठवा. इतकी वर्षं ज्याचा आवाज ऐकतोय, त्याचं तोंड बघू द्या.

हा सौदा गेला तर कारखान्याची दुसरी पाळी बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या पाळीतला एकूण एक माणूस काकाजींनी स्वतः ठेवलेला. फाटकावर ती माणसं विचारायची, "काकाजी, तिकीट झालं का?" आणि काकाजी स्कूटर न थांबवता म्हणायचे, "चांगलं विमान भेटून नाई राह्यलं."

खरंच भेटत नव्हतं. एक रात्री उतरायचं. एक फार जुनं. एक फार नवं. एकात मध्ये दोनदा बदली, म्हणजे दोनदा चढा आणि दोनदा उतरा. एकात एकही बदली नाही, म्हणजे पायलट थकणार. मालकांनी शेवटी सांगितलं, यांना ती पलंगवाली खुर्ची द्या, वय झालं आहे. काकाजींनी ती साफ उडवून लावली. ट्रॅव्हलवाली मुलगी एक दिवस मला वेगळा फोन करून म्हणाली, "सर, त्यांना नक्की जायचंय ना?"

मी त्यांच्याकडे गेलो. ते कोरा पासपोर्ट टेबलावर ठेवून बसले होते. बंद.

"काकाजी, भीती वाटते का?"

असं त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली, धागा ओढल्यासारखं केलं, आणि सोडून दिली.

"तू बसशील का बाजूले?"

"आणि सगळा माल एका गाडीत नाही, त्याचं काय?"

त्यांनी पासपोर्ट उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.

"त्या विमानात मले कोणीच वळखत नाई ना बे," ते म्हणाले. "एक तरी वळखीचा पाह्यजे."

मी त्याच दिवशी दोन तिकिटं काढली, साध्या वर्गाची, शेजारशेजारची, चाकापासून लांब. साल विचारलं नाही. पायलटचं काकाजींना मीच सांगितलं, रात्री झोपला होता म्हणून.

मुंबईहून विमान सुटायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. आपली खुर्ची सापडल्यावर माणूस बसतो. काकाजी बसले नाहीत. उशी बगलेत धरून ते अरुंद वाटेने पुढच्या रांगेपासून निघाले आणि एकेकाला हात जोडून विचारत गेले, "आप किधर के?" लोक आधी दचकले. कोणी कानातली वायर काढली. पण मग सांगायला लागले. केरळची एक नर्स होती, बिहारचा एक गवंडी होता, मुलाकडे निघालेलं एक म्हातारं जोडपं होतं. हवाई सुंदरी मागे मागे "सर, प्लीज, सर" करत फिरत होती. तिलाही त्यांनी गाव विचारलं. मी लाजेने खिडकीबाहेर पाहत होतो. ते येऊन बसले, पट्टा बांधला, विमानाचं ब्लँकेट उलगडून धागा ओढला, "पॉलिस्टर" म्हणाले आणि माझं मनगट घट्ट धरलं. विमान वर गेलं तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. थोड्या वेळाने ती सैल झाली.

"झाली वळख," म्हणाले, आणि झोपले.

असे झोपले की जेवण आलं, गेलं, त्यांना पत्ता नाही. डोकं माझ्या खांद्यावर, उशी स्वतःच्या मांडीवर. खांदा अवघडला तरी मला हलता येईना. मी इतक्या वेळा विमानात बसलो होतो, पण इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. आवाज जरा बदलला की मी मोकळ्या हाताने त्यांचा पट्टा चाचपायचो. या माणसाला मी घेऊन आलोय, असंच सारखं मनात येत होतं.

झांबियात उजेडात उतरलो. शेठ न्यायला आले होते, काठी टेकत. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहून घेतलं. शेठ म्हणाले, "आवाज से तो आप ऊँचे लगते थे." काकाजींनी त्यांच्या कोटाचा धागा ओढला आणि खूश होऊन म्हणाले, "असली सूत!" सौद्याच्या कागदांवर सह्या झाल्या तेव्हा दोघे गुडघ्यांवर बोलत होते. मुलांनी तोंड वाकडं केलं, पण सही बापाची होती. दुसरी पाळी वाचली.

मी परतीच्या तयारीला लागलो, तर काकाजींनी शेठच्या फोनवरून नागपूरच्या त्या मुलीला आधीच गाठलेलं.

"मॅडम, मालकांनी मले थ्ये पलंगवाली खुर्ची मंजूर केलती ना? ते याले द्या, थेट मुंबईची. आज. अन् मले साधी, उद्याची, दुसऱ्या विमानातली."

मी भांडलो. म्हटलं, येताना एकत्र आलो, आता काय झालं?

"येतानी मले वळख नव्हती," ते म्हणाले. "आता झाली. आता सगळा माल एका गाडीत कायले?"

मग मी त्या पलंगावर आडवा होऊन मुंबईला आलो. इतकी मऊ गादी माझ्या नशिबात पुन्हा येणार नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. त्या गंजीवर दुपारी झोपलेला एक तरुण माणूस डोळ्यांसमोर येत होता, आणि उद्या हा म्हातारा एकटा कुठल्या विमानतळावर कुठल्या दारातून चढेल, याची काळजी. मी वणीला गेलोच नाही. मुंबईहून नागपूरला येऊन तिथेच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याची जीप मागवून विमानतळावर जाऊन उभा राहिलो. मुंबईचं विमान उशिरा होतं. मी काउंटरवरच्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारून भंडावून सोडलं. शेवटी तिने माझ्याकडे बघणंच सोडलं.

सगळे बाहेर पडले आणि अगदी मागून काकाजी आले. एका तरुण जोडप्याचं तान्हं पोर त्यांच्या कडेवर होतं आणि त्याच्या डोक्याखाली ती रुईची उशी. पोर आईकडे दिलं, उशीही त्यांनाच दिली, गाव पुन्हा एकदा विचारलं आणि मग मला पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याचा राग येत होता.

"तू काल आलता ना? मंग आज इथं कायले?"

"तुम्हाला न्यायला."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. माल नीट पोहोचला की नाही ते पाहतात, तसं. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ज्याला ते माल म्हणत होते, तो आम्हीच होतो. त्यांनी बॅग जीपमध्ये ठेवली, मला जीपमध्ये बसवलं, दार लावलं आणि स्वतः बाहेरच उभे राहिले.

"तू हो पुढं. मी बसनं येतो."

"काकाजी, आता तर आपण नागपुरात आहोत!"

"म्हून तं," ते म्हणाले. "हा रस्ता मले माहीत हाये."

आणि हात करून रिक्षा थांबवून ते बसस्टँडकडे निघूनही गेले. मी ड्रायव्हरला म्हटलं, रिक्षाच्या मागे घे. मग बसस्टँडवर थांबलो, वणीची बस निघाली तसे तिच्या मागे लागलो. ड्रायव्हरने दोनदा ओव्हरटेक करायला गाडी काढली, दोन्ही वेळा मी त्याला परत मागे घ्यायला लावलं. तू रात्री झोपला होतास ना, असंही विचारलं. तो हसला. वणी जवळ आली, कोळशाचे ट्रक दोन्ही बाजूंनी अंगावर यायला लागले, आणि समोरच्या बसच्या मागच्या काचेतून मला त्यांचं पांढरं डोकं दिसत राहिलं. ते शेजारच्याकडे वळलेलं होतं. बहुतेक त्याचं गाव विचारत होते.